निवृत्तीनंतर परदेशी स्थायिक होताना: कामांचा क्रम कसा लावायचा

निवृत्तीनंतर परदेशी राहायला निघालेली माणसे कामांची यादी सहसा बरोबर करतात. चुकतो तो क्रम. आधी घर आवडते, मग इसार दिला जातो, मग व्हिसाची चौकशी सुरू होते आणि आरोग्य विम्याचा अर्ज सगळ्यात शेवटी भरला जातो. विमा नाकारला गेला की व्हिसा अडतो, आणि व्हिसा अडला की परक्या देशातले घर नुसते गळ्यात पडते. खालचा क्रम जवळजवळ उलटा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर अख्खा बेत मोडतो तो प्रश्न आधी, आणि जे पुढे पैसे घालून बदलता येते ते शेवटी.

हाताशी १८ महिने ठेवा. १२ महिन्यांत होते, पण मग एक दाखला उशिरा आला तरी पुढच्या सगळ्या तारखा ढासळतात.

## टप्पा १: आधी तब्येत (१८ ते १५ महिने आधी)

पती आणि पत्नी दोघांची वेगवेगळी फाइल करा. प्रत्येक आजाराचे नाव, निदानाची तारीख, झालेल्या शस्त्रक्रिया, सध्याची औषधे आणि गेल्या दोन वर्षांचे महत्त्वाचे अहवाल तिच्यात हवेत. औषधाचे दुकानातले नाव लिहून भागत नाही, कारण तेच औषध दुसऱ्या देशात वेगळ्या नावाने विकले जाते. मूळ घटकाचे नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा, एवढे लिहा.

मग या क्रमाने चौकशी करा:

१. नव्या देशाच्या सरकारी आरोग्य योजनेत निवृत्त परदेशी व्यक्तीला प्रवेश आहे का? असल्यास पहिल्या दिवसापासून, की काही महिने राहिल्यानंतर? युरोपीय संघातल्या एका देशाचे सरकारी पेन्शन घेणारी व्यक्ती दुसऱ्या सदस्य देशात गेली, आणि तिला नव्या देशाचे स्वतंत्र पेन्शन नसेल, तर ‘एस-१’ फॉर्मवर तिथली सरकारी सेवा मिळते आणि खर्च पेन्शन देणारा देश उचलतो. अशी सोय कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, हे पहिल्या आठवड्यात कळायला हवे.

२. सरकारी योजना नसेल तर कोणती खासगी विमा कंपनी या वयाला नवा ग्राहक घेते? प्रवेशाचे कमाल वय आणि नूतनीकरणाचे कमाल वय या दोन वेगळ्या अटी आहेत. दोन्ही लेखी मागा.

३. आधीपासूनचे आजार कसे धरले जातात? काही पॉलिसी सगळी माहिती विचारून आजार स्पष्टपणे वगळतात किंवा जादा हप्ता घेऊन स्वीकारतात. काही पॉलिसी सुरुवातीला काहीच विचारत नाहीत, पण गेल्या काही वर्षांत झालेला आजार ठरावीक काळ लक्षण आणि उपचार यांशिवाय गेल्यानंतरच मान्य करतात. दुसरा प्रकार ऐकायला सोपा वाटतो. मात्र रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी रोज चालू असेल तर ‘उपचारांशिवायचा काळ’ कधी येतच नाही, आणि तो आजार कायमचा बाहेर राहतो. जुना आजार असलेल्यांनी पहिला प्रकारच घ्यावा; निदान काय मिळणार नाही ते आधी कळते.

सावधान: प्रवास विमा म्हणजे आरोग्य विमा नव्हे. तो ठरावीक दिवसांपुरता आणि तातडीच्या उपचारांपुरता असतो, आणि तुम्ही घरी परतणार आहात हे त्यात गृहीत असते. स्पेनच्या बिगर-नोकरी निवास व्हिसासाठी तर तिथे परवानगी असलेल्या कंपनीची आणि रुग्णाला प्रत्येक उपचारात वाटा भरावा लागणार नाही अशीच पॉलिसी लागते.

औषधांचे कायदे वेगळे तपासा. वेदनाशामकांमधले कोडीन आणि ट्रॅमॅडॉल, झोपेच्या गोळ्या, एकाग्रतेसाठी दिली जाणारी उत्तेजके यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे. ॲम्फेटामिन असलेली औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. नवा देश तुमचे औषध देत नसेल तर पर्यायी औषध इथल्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निघण्याच्या ६ महिने आधी सुरू करा. नव्या गावात, नव्या डॉक्टरकडे, नवी गोळी असे तिन्ही एकदम नको.

तपासा: दोघांसाठीही विम्याचा लेखी होकार किंवा सरकारी योजनेतल्या पात्रतेचा पुरावा हातात आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर पैसे खर्च करू नका.

## टप्पा २: कोणत्या परवान्यावर राहणार?

‘निवृत्तांचा व्हिसा’ हे सोयीचे नाव आहे. प्रत्यक्षात प्रत्येक देशाची अट निराळ्या गोष्टीवर बेतलेली असते: कुठे मासिक पेन्शन, कुठे बँकेतली ठेव, कुठे कोणतेही नियमित उत्पन्न. पनामा आजन्म पेन्शन बघतो, महिना किमान १,००० डॉलर. थायलंडमध्ये वय ५० पूर्ण हवे आणि वार्षिक मुदतवाढीसाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा तिथल्या किमान वेतनाशी जोडलेला आहे, म्हणजे ते वेतन वाढले की तुमची अटही वाढते.

आकडा पाहून लोक थांबतात. अडवतात त्या आकड्यामागच्या अटी:

- पैसे किती दिवस पडून असावे लागतात? थायलंडच्या ठेवीचा मार्ग घेतला तर ८ लाख बाथ अर्जाआधी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने खात्यात हवेत, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. अर्जाच्या आठवड्यात रक्कम जमा करून उपयोग नाही.
- अर्ज कुठून करायचा? अनेक देशांत पर्यटक म्हणून आत जाऊन परवाना बदलून मिळत नाही. तुमच्या कायदेशीर वास्तव्याच्या देशातल्या वकिलातीतूनच अर्ज करावा लागतो.
- बाहेर किती दिवस राहता येते? नातवंडांना भेटायला वर्षातले ७ महिने मायदेशी, असा बेत असेल तर परवानाच धोक्यात येऊ शकतो. युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवासी दर्जा संघाबाहेर सलग १२ महिने राहिल्यास जातो. तात्पुरत्या परवान्यांची मर्यादा त्याहून कडक असते.
- बाहेर जाताना काही परवानगी लागते का? थायलंडमध्ये पुनर्प्रवेशाची परवानगी न घेता विमानात बसलात तर चालू मुदतवाढ तिथेच संपते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचे काम वेगळे.
- जोडीदाराचे काय? पेन्शन एकाच्या नावे आणि दुसरा अवलंबित असेल, तर पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर मागे राहणाऱ्याचा परवाना टिकतो का, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची कमी झालेली रक्कम उत्पन्नाच्या अटीत बसते का? हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही. विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर जोडीदाराच्या नावे स्वतंत्र उत्पन्न किंवा ठेव आत्ताच उभी करा.

## टप्पा ३: कराचा हिशेब, आणि तोही तारीख ठरवण्याआधी

विमानाचे तिकीट काढल्यावर करसल्लागाराकडे जाणे म्हणजे शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे. निघण्याची तारीख हाच करातला सगळ्यात मोठा निर्णय असतो.

बऱ्याच देशांत एका करवर्षात १८३ दिवस किंवा त्याहून अधिक राहिले की माणूस करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथला रहिवासी ठरतो. पण १८२ दिवस मोजून सुटता येईल असे समजू नका. घर, जोडीदार आणि आर्थिक व्यवहारांचे केंद्र कुठे आहे यावरूनही करनिवास ठरवला जातो. दोन देशांनी एकाच वर्षी तुम्हाला आपापले करनिवासी म्हटले तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार पाहतात. त्यातल्या कसोट्यांचा नेहमीचा क्रम असा: कायमचे घर कुठे, जिव्हाळ्याचे संबंध कुठे, नेहमीचा मुक्काम कुठे, आणि शेवटी नागरिकत्व.

तारखेचा परिणाम किती होतो पाहा. स्पेनचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे, आणि तिथे वर्षाचे दोन तुकडे होत नाहीत. एप्रिलमध्ये येऊन तिथेच राहिलात तर १८३ दिवसांची मर्यादा ओलांडून त्या संपूर्ण वर्षासाठी तुम्ही तिथले करनिवासी. मग फेब्रुवारीत मायदेशी विकलेल्या घराचा नफाही स्पेनच्या हिशेबात येतो. तोच माणूस ऑगस्टमध्ये आला असता तर दिवसांच्या कसोटीवर त्या वर्षी सुटला असता. यूकेचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, ऑस्ट्रेलियाचे १ जुलैला. दोन देशांची वर्षे जुळत नसतील तर एकाच उत्पन्नाचा दोनदा किंवा अर्धवट हिशेब होतो.

आता क्रम:

१. तुमच्या प्रत्येक उत्पन्नाची वेगळी ओळ करा: सरकारी नोकरीचे पेन्शन, खासगी पेन्शन, भाडे, व्याज, लाभांश.

२. प्रत्येक ओळीसमोर करार काय म्हणतो ते लिहा. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना कराराप्रमाणे खासगी नोकरीच्या पेन्शनवर निवासाचा देश कर लावतो, तर सरकारी नोकरीच्या पेन्शनवर साधारणपणे ते देणारा देश. ‘पेन्शनवर कर कुठे’ या प्रश्नाला म्हणूनच एका घरात दोन उत्तरे असू शकतात. प्रत्यक्ष करार नमुन्यापासून हटलेले असतात. तुमच्या दोन देशांमधला मूळ करारच वाचून घ्या.

३. एकरकमी मिळणारे पैसे आधी काढायचे की नंतर ते ठरवा. यूकेत पेन्शन निधीतून साधारण २५ टक्के रक्कम करमुक्त काढता येते. दुसऱ्या देशाचे करनिवासी झाल्यावर तीच काढली तर तिथे करपात्र ठरू शकते. मायदेशातली सवलत नव्या देशाला बांधील नसते.

४. मालमत्ता जाहीर करण्याचे नियम बघा. स्पेनमध्ये परदेशी खाती, गुंतवणूक किंवा स्थावर यांपैकी एखाद्या गटाचे मूल्य ५०,००० युरोंच्या वर गेले की वेगळे विवरणपत्र भरावे लागते. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिले तरी त्यांना अमेरिकेत विवरणपत्र भरावेच लागते, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा अहवाल वेगळा.

५. मग तारीख ठरवा. घर विकणे, शेअर विकणे, निधी काढणे हे सगळे त्या तारखेच्या योग्य बाजूला बसवा.

सावधान: निघाल्याचे मायदेशाच्या करखात्याला रीतसर कळवले नाही तर ते तुम्हाला निवासीच समजत राहते. नव्या देशाकडून करनिवासाचा दाखला दरवर्षी मागून घ्या. जुन्या देशातली कपात थांबवायला किंवा परतावा मिळवायला तोच लागतो.

## टप्पा ४: चाचणीचा मुक्काम (१२ ते १० महिने आधी)

सुट्टीत पाहिलेले गाव आणि राहण्याचे गाव ही दोन वेगळी गावे असतात. ८ ते १२ आठवडे राहा, आणि सगळ्यात वाईट हवामानात. समुद्रकाठच्या पर्यटनगावात हंगाम संपला की बस कमी होतात, दुकाने बंद होतात, शेजारची घरे रिकामी पडतात. उन्हाळ्यात सुखद वाटणारे घर हिवाळ्यात ओल धरते. शेंगेन क्षेत्रात (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) व्हिसाशिवाय किंवा अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात, तेव्हा मुक्कामाचे गणित त्यात बसवा.

फिरू नका, कामे करा. डॉक्टरची वेळ घेऊन एक साधी तपासणी करून या. औषधाच्या दुकानात तुमची यादी दाखवा. रात्री ११ वाजता रुग्णालयापर्यंत कसे पोहोचता येते ते प्रत्यक्ष जाऊन पाहा, किती मिनिटे लागली ते लिहा. एखाद्या सरकारी खिडकीवर जाऊन काहीतरी विचारा. दुभाष्याशिवाय काम झाले का ते तिथेच कळते. मायदेशातल्या बँकेचा एक व्यवहार त्या देशातून पूर्ण करून बघा, ओटीपी येतो की नाही यासकट.

दोघांपैकी एकालाच वाहन चालवता येत असेल किंवा एकालाच भाषा येत असेल, तर किमान एक आठवडा दुसऱ्याने सगळी कामे एकट्याने करून पाहावीत. खरी अडचण त्या आठवड्यात दिसते.

## टप्पा ५: कागदपत्रे (१० ते ४ महिने आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जवळजवळ नेहमी उलट्या क्रमामुळे.

१. नावे जुळवा. पारपत्र, जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पेन्शनचा आदेश, बँकखाते या सगळ्यांवरची नावे आणि जन्मतारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. लग्नानंतर बदललेले आडनाव, मधले नाव कुठे आहे कुठे नाही, एका अक्षराचा फरक, जे सापडेल ते आत्ता दुरुस्त करा. दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असे शपथपत्र करा, मात्र नवा देश ते मान्य करतो का हे आधी विचारून.

२. पारपत्राची मुदत. निवास परवाना सहसा पारपत्राच्या मुदतीपलीकडे जात नाही. दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवे काढा आणि मगच बाकीचे अर्ज करा, कारण प्रत्येक अर्जावर पारपत्राचा क्रमांक जातो.

३. दाखल्यांच्या ताज्या प्रती. घरातल्या कपाटातला ४० वर्षांपूर्वीचा विवाहाचा दाखला खरा असला तरी बऱ्याच कार्यालयांना गेल्या ३ ते ६ महिन्यांत काढलेली प्रत लागते. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही असाच लवकर शिळा होतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी मागा. पण त्यासाठी बोटांचे ठसे लागत असतील तर त्याची चाचणी लवकर घ्या. वयोमानाने बोटांवरच्या रेषा झिजतात, ठसे नाकारले जातात आणि पुन्हा द्यावे लागतात.

४. ॲपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये कागदावर ॲपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला लागले की दूतावासाच्या शिक्क्यांची साखळी लागत नाही. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, तेव्हा या देशांबाबतचा जुना सल्ला आता चालत नाही. दोनांपैकी एक देश करारात नसेल तर परराष्ट्र खाते आणि मग दूतावास अशी जुनी वाट.

ॲपोस्टिल तोच देश देतो ज्याने तो कागद दिला. नव्या देशात पोहोचल्यावर ते तिथे मिळत नाही. शिवाय तुमचे लग्न एका देशात, जन्म दुसऱ्या देशात आणि नोकरी तिसऱ्या देशात झाली असेल, तर तीन ठिकाणी अर्ज करावे लागतील.

५. भाषांतर. ॲपोस्टिल लागल्यानंतरच, नव्या देशाने मान्य केलेल्या अधिकृत अनुवादकाकडून. आधी भाषांतर केले तर ॲपोस्टिलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. ही चूक इतकी नेहमीची आहे की अनुवादकसुद्धा सवयीने विचारतात: ‘शिक्का लागलाय ना?’

तपासा: प्रत्येक मूळ कागदाच्या दोन जादा प्रती ॲपोस्टिलसह करा. पहिली व्हिसाच्या फाइलमध्ये राहते, दुसरी परवान्याच्या वेळी मागतात, तिसरी तुमच्याकडे.

## टप्पा ६: पैशाची वाट

पेन्शन एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल, तर आपले महिन्याचे अंदाजपत्रक आजच्या विनिमय दराने करू नका. पेन्शनचे मूल्य २० टक्क्यांनी घसरले असे धरून करा. तेवढ्यात भागत नसेल तर देश किंवा शहर बदला. किमान ६ महिन्यांचा खर्च नव्या देशाच्या चलनात पडून असावा.

पेन्शन दरवर्षी वाढत राहील असेही धरू नका. यूकेचे सरकारी पेन्शन घेणारा माणूस कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहायला गेला तर त्याची वार्षिक वाढ थांबते.

मायदेशातले बँकखाते निघण्याआधी बंद करू नका, पण पत्ता बदलल्याचे बँकेला सांगा. काही बँका अनिवासी ग्राहकांची खाती ठेवत नाहीत. काहींना खात्याचा प्रकार बदलावा लागतो. लपवून ठेवलेला परदेशी पत्ता आज ना उद्या उघड होतो, कारण देशोदेशींची करखाती खात्यांची माहिती आपसात देवाणघेवाण करतात. दोन वेगळ्या बँकांत खाती असू द्या. एक गोठले तरी दुसरे चालते.

जुना मोबाइल क्रमांक हा या सगळ्याचा आस आहे. बँक, पेन्शन, करखाते सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. सगळ्यात स्वस्त योजनेवर तो चालू ठेवा, किती दिवस न वापरल्यास बंद होतो ते पाहा, आणि जिथे शक्य तिथे ओटीपीऐवजी ॲपवरची ओळख-पडताळणी सुरू करा.

हयातीचा दाखला कधी, कोणाच्या सहीने आणि कोणत्या मार्गाने द्यायचा ते पेन्शन कार्यालयाकडून लेखी घ्या. दाखला टपालात हरवला की पेन्शन थांबते आणि सुरू व्हायला महिने जातात. वर्षाच्या दिनदर्शिकेवर मुदतीच्या ६ आठवडे आधीची खूण करा.

## टप्पा ७: सामान, औषधे, प्राणी

सामानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर कमी न्या. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर सामान मावते; त्यात भरायला जमवलेले निम्मे फर्निचर नव्या घराच्या दारातून आत जात नाही. १२० व्होल्टची उपकरणे २३० व्होल्टच्या देशात नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून घरगुती सामान आयातशुल्काशिवाय न्यायचे तर ते निघण्याआधी किमान ६ महिने तुमच्या वापरात असावे लागते, निवास सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत आणावे लागते आणि पुढचे १२ महिने विकता येत नाही. प्रवासाआधी हौसेने घेतलेला नवा टीव्ही या सवलतीत बसत नाही.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या पत्रासह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका, गोठले की निकामी होते. त्याची तीव्रताही तपासा: काही देशांत १ मिलिलीटरमध्ये ४० एककांचे इन्सुलिन अजून मिळते, इतरत्र १०० एककांचे, आणि एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीचपट चुकते. रक्तशर्करा काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये सांगतात, काही ठिकाणी मिलिमोल प्रति लीटरमध्ये. पहिल्या आकड्याला १८ ने भागले की दुसरा मिळतो. १८० म्हणजे १०.

कुत्रा किंवा मांजर नेताना आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिप बसवण्याआधी दिलेली लस युरोपीय संघ धरतच नाही. संघाच्या मान्य देशांच्या यादीत नसलेल्या देशातून नेताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून ३ महिन्यांची वाट असा हिशेब आहे. म्हणजे प्राण्याची तयारी तुमच्या तिकिटाच्या निदान ५ महिने आधी सुरू व्हायला हवी.

## टप्पा ८: पोहोचल्यावरचे पहिले ९० दिवस

इथे कामे एकमेकांत अडकतात. पत्त्याशिवाय बँकखाते नाही, खात्याशिवाय भाडेकरार नाही, करारावाचून पत्त्याची नोंदणी नाही. हा गुंता एका कागदाने सुटतो: पत्त्याची नोंदणी करू देणारा लेखी भाडेकरार. पहिली जागा महाग पडली तरी चालेल, पण घरमालक नोंदणीला संमती देणारा हवा. जर्मनीत राहायला आल्यापासून २ आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते.

पुढचा क्रम: पत्त्याची नोंदणी, निवास परवान्याची भेट, कर क्रमांक, बँकखाते, आरोग्य नोंदणी, वाहन परवाना. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना कायमचा नसतो. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा १ वर्ष चालतो, १९६८ च्या करारानुसारचा जास्तीत जास्त ३ वर्षे, आणि निवासी झाल्यावर बऱ्याच देशांत त्याहूनही लवकर स्थानिक परवाना घ्यावा लागतो. अदलाबदलीची मुदत चुकली तर नव्या भाषेत लेखी परीक्षा द्यावी लागू शकते.

घर विकत घेऊ नका. किमान एक पूर्ण वर्ष भाड्याने राहा. घेताना आजच्या पायांचा नव्हे, १५ वर्षांनंतरच्या पायांचा विचार करा: लिफ्ट, पायऱ्यांची संख्या, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसेल इतकी भक्कम भिंत, चाकाची खुर्ची जाईल असे दार, आणि औषधाचे दुकान चालत गाठता येते का.

## टप्पा ९: मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र (पहिल्या वर्षातच)

दोन देशांत मालमत्ता असली की दोन मृत्युपत्रे करतात, आणि इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. नवे मृत्युपत्र छापील मसुद्यावर केले जाते, त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य असते, आणि मायदेशातले मृत्युपत्र त्या एका ओळीने उडते. दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा आणि प्रत्येक मृत्युपत्र कोणत्या देशातल्या मालमत्तेपुरते आहे ते स्पष्ट लिहा.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये मुलांचा राखीव वाटा कायद्याने ठरलेला आहे. सगळे जोडीदाराला असे नुसते लिहून चालत नाही. १७ ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत (डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून) वारसाहक्काला मृत व्यक्तीच्या शेवटच्या नेहमीच्या निवासाच्या देशाचा कायदा लागतो, पण मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. निवडायचा तर तसे शब्दांत लिहा.

मुखत्यारपत्र दोन्ही देशांत वेगवेगळे करा. साधे मुखत्यारपत्र अनेक देशांत नेमक्या गरजेच्या वेळी, म्हणजे देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की, निरुपयोगी होते. विस्मरण किंवा पक्षाघातानंतरही चालू राहील असा प्रकार त्या देशात आहे का ते विचारा. उपचारांबद्दलची इच्छा स्थानिक भाषेत लिहून डॉक्टरांच्या नोंदीत लावा. संयुक्त खाते एकाच्या मृत्यूनंतर गोठवले जाऊ शकते, म्हणून जोडीदाराच्या एकट्याच्या नावे ३ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हवीच.

## टप्पा १०: परतीची वाट आधीच मोकळी ठेवा

परत यायची वेळ सहसा तीन कारणांनी येते: जोडीदाराचा मृत्यू, शुश्रूषेची गरज, किंवा चलन घसरणे. तिन्हींत घाई असते. म्हणून मायदेशी परतल्यावर सरकारी आरोग्यसेवा लगेच मिळते की प्रतीक्षाकाल आहे, हे आत्ताच शोधा. मेडिकेअर ही अमेरिकेची ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना देशाबाहेर सहसा खर्च देत नाही, म्हणून लोक तिचा भाग ‘बी’ (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा, दरमहा हप्ता लागणारा) सोडून देतात. परत घेताना मात्र तो नसलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के जादा हप्ता कायमचा बसतो. सोडायचा की भरत राहायचा हे परतण्याची शक्यता पाहूनच ठरवा.

दोन तिकिटे, ३ महिन्यांचे भाडे आणि सामान पाठवण्याचा खर्च एवढी रक्कम मायदेशातल्या खात्यात वेगळी ठेवा. परवाना, विमा, दोन्ही मृत्युपत्रे, खाती आणि वकिलांची नावे यांची एक पानाची यादी मायदेशातल्या एका विश्वासू माणसाकडे द्या, आणि दर वर्षी हयातीचा दाखला पाठवताना तीही ताजी करून पाठवा.